आधी वाचायचं, मग पुसायचं

साऱ्या इस्राएलात वाचल्याशिवाय काहीही न पुसणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझाच साडू निघावा, हे माझं नशीब. रामल्याच्या एका कारखान्यात कचेऱ्यांचे जुने कॉम्प्युटर यायचे. त्यांच्या डिस्क कायमच्या कोऱ्या करायच्या, ही साडूंची नोकरी. फ्लॉपी घालायची, प्रोग्राम सुरू करायचा, डिस्कचा नंबर हाताने टाइप करायचा आणि सगळीकडे शून्यं लिहिण्याच्या तीन फेऱ्या देऊन मोकळं व्हायचं. मालकाने बजावलं होतं, आत काय आहे ते बघायचं नाही. पण आम्हा ज्यू लोकांत देवाचं नाव लिहिलेला कागद फेकत नाहीत, फाडतही नाहीत. साठवून कबरस्तानात पुरतात. साडूंचं म्हणणं, कागदाला एक न्याय नि डिस्कला दुसरा का? म्हणून आधी वाचायचं. आता इथे भाजीची यादीसुद्धा देवाच्या आद्याक्षरांनी सुरू होते. आद्याक्षरं चालतील, पुरं नाव आलं की हात लावायचा नाही, असा ह्यांचा कायदा. एका वकिलाची डिस्क वाचण्यात अख्खा आठवडा गेला. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी समजावलं, पडद्यावरची अक्षरं ही अक्षरं नव्हेत, खुशाल पुसा. "रब्बींनी डिस्क कधी उघडून पाहिलीय?" साडूंनी मलाच विचारलं. अक्षरं पडद्यावर असतात की डिस्कवर, हेच मला अजून उमगलेलं नाही.

सासरे वारल्यावर त्यांचा कॉम्प्युटर शेजारणीला द्यायचं ठरलं. त्यात त्यांचे दवाखान्याचे कागद होते, आणि मलिद्याचं ताट पुढे ठेवून म्हणायची प्रार्थना होती. माझ्या बायकोने त्यांना माइकपुढे बसवून ती रेकॉर्ड करून घेतली होती. त्यांचा आवाज असा तेवढाच मागे राहिलेला. सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना स्पष्ट सांगितलं, "आवाज सीडीवर काढून ठेवा. बाकीचं पुसा."

"बेसेदर, आई, करतो," म्हणून साडू डिस्क घेऊन गेले, ते महिनाभर पत्ता नाही. शेवटी मीच गेलो.

"पुसलीत का?"

"पुसेन कशी? प्रार्थनेत देवाचं पुरं नाव सात वेळा आहे. वीसदा ऐकून मोजलंय मी."

"मग?"

"पुरली. प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकांबरोबर, कबरस्तानात."

"आणि सीडी?"

पुसावं की पुसू नये ह्या घोळात सीडी करायची राहूनच गेली होती.

"काय जाळायचीय ती तुमची भक्ती?" मी चिडून म्हणालो. माझं डोकंच चालेना. आवाज पुसलेला नाही, म्हणजे आहे. ऐकू येत नाही, म्हणजे नाही. उकरून काढावी म्हटलं, तर खड्ड्यावर सिमेंट पडलेलं.

सासूबाईंना सांगायला दोघंही गेलो. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी आमच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग साडूंना म्हणाल्या, "वीसदा ऐकलीत ना? म्हणून दाखवा."

साडूंनी टोपी घातली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. गळा म्हणाल तर औषधालाही नाही. पण सासरे श्वास घ्यायचे तिथे श्वास, अडखळायचे तिथे अडखळणं, मधला कोरडा खोकलासुद्धा. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. खोकल्यासरशी त्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

आता साडूही नाहीत. सासऱ्यांचा आवाज आठवायला बसलो की मला साडूंचाच ऐकू येतो. कोणाचा कोणता, ते काही कळत नाही. मी आपला ऐकत बसतो.