खारघरच्या घरात खिळा नाही

सोमवारी बहारीनच्या हॉस्पिटलला नोकरीचं उत्तर कळवायचं होतं आणि शनिवार उजाडला तरी माझं तळ्यात-मळ्यात चालूच. नवरा म्हणाला, "तू ठरव, मी येतो मागोमाग." झालं, म्हणजे सगळं माझ्याच डोक्यावर. घरात बसवेना. पिशवी उचलली आणि सातारा स्टँड गाठला. माझ्या वसंतकाकांनी उमेदीची सगळी वर्षं बहारीनमध्ये काढली, आता ते खारघरला असतात. त्यांनाच विचारू म्हटलं.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास स्वस्तात होतो. आरक्षण करा मात्र, शनिवारी गाडी भरून असते. कळंबोलीला उतरले. लोखंड वाहणाऱ्या ट्रकांमधून रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. पलीकडे रिक्षावाल्याला म्हटलं, मीटरने चला.

"मॅडम, येताना रिकामा येणार मी. शेअरमध्ये बसा ना, टेन्शन नाय."

बसले, दोघांच्या मध्ये अंग चोरून.

काकूने बहारीनला शिकलेला मसालेदार मटणभात केला होता, सोबत आपली साताऱ्याची लसणाची चटणी. अफलातून. पण जेवताना माझी नजर सारखी भिंतींकडे. सगळ्या कोऱ्या. लग्नाचा फोटो फ्रिजवर टेकवलेला, नातवंडांचे सोफ्यामागे जमिनीवर, कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला बांधलेलं.

"रंगकाम काढलंय का गं काकू?"

"छे. तिकडची खोड. दर वर्षी हे म्हणायचे, पुढच्या गणपतीला कायमचं परतायचंय, कशाला भिंतीला खिळे ठोकायचे? काचेच्या प्लेटा घेतल्या, त्यापण खोक्यातच. म्हटलं, घरी गेल्यावर काढू."

"मग आता कुठं आहेत?"

"माळ्यावर."

"तिकडं भिंत दुसऱ्याची होती," काका ताटात बघत म्हणाले.

"आणि ही?" काकूने विचारलं.

काकांनी चटणीची वाटी पुढे ओढली. मला गलबलून आलं, थोडा रागही आला. एवढी वर्षं हे दोघं परतायच्या तयारीतच बसले होते, आणि आता परतले तरी बसलेलेच. शेवटी मी विचारलंच, "काका, मी जाऊ की नको?"

"जा," ते म्हणाले. "पण परत कधी यायचं, ते मोजत बसू नकोस."

पनवेलहून परतीची गाडी मिळाली, जागा शेवटच्या सीटवर. हाडं खिळखिळी झाली. डोळा लागेना. जावं असं वाटत होतं आणि आपलंही असंच झालं तर, ही भीतीही जात नव्हती.

रविवारी संध्याकाळी घरी चहा घेत होतो, तेव्हा काकूचा फोटो आला. हॉलच्या भिंतीवर लग्नाचा फोटो टांगलेला, चांगलाच वाकडा. खाली तिने लिहिलं होतं, "यांनीच ठोकला. सरळ करू देत नाहीत."

मी बहारीनला होकार पाठवला. मग नवऱ्याला विचारलं, "आपली हातोडी कुठंय रे?"

"आत्ता काय करायचीय?"

"बॅगेत टाकायचीय."