नाना जिवंत, बाबा बाजारात

आईला घरात सोबतीला बाई हवी, हे मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही. ते कळलं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने आमच्या नानांना जिवंतपणी पितरांत बसवलं तेव्हा.

तशा खुणा आधीपासून होत्या. आई अमळनेरला एकटी, मी सासरी धुळ्याला. कधीही जा, वरणात मीठ दोनदा, पातेल्याचा कोळसा, आणि गॅस सुरू तो सुरूच. एक दिवस ही बाई स्वतःला पेटवून घेणार, या धास्तीने माझा जीव टांगणीला. बाई ठेवू या म्हटलं की अंगावर धावून यायची. "माले काय धाड भरनी? मना घरमा परकी बाई नको!" बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हुकूम सोडायची त्यांची सवय ती बरोबर उचलून बसली होती.

आखाजीला मी माहेरी गेले. आमच्याकडे या दिवशी पितरांची घागर भरतात, आणि पेटत्या गोवरीवर पुरणपोळीचा तुकडा नि तूप टाकून गेलेल्यांची नावं घेतात. याला आगारी टाकणं म्हणतात. नाना, म्हणजे माझे धाकटे काका, आमरसाच्या वासाने सकाळपासून दाराशी ठाण मांडून होते. आईने सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, आणि मग ठणठणीत आवाजात नानांचं.

नाना ताडकन उठले. "ओ वहिनी! मी जित्ता शे ना!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. नानाही वस्ताद. "चला, आपलं श्राद्ध आपणच जेवू," म्हणत पानावर बसले आणि पोळ्यांवर असे तुटून पडले की खऱ्या पितरांनी लाजावं. मी डोळे पुसत आईला म्हटलं, "अगं, बाबांचं नाव राहिलं की."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी.

"त्यासनं कसाले? त्या बजारमा जायेल शेतस. येतीन आते."

नानांचा घास हातातच राहिला. आई मात्र बाबांचं ताट झाकून ठेवत होती.

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. जेवणं झाल्यावर मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, "आई, बाबा बाजारातून दमून येतात. त्यांना गरम भाकर कोण देणार? तुझे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी एक बाई ठेवू."

"ठेव ना मग," आई लगेच म्हणाली. "तुना बापले शिळं चालत नही."

घ्या! या बाईने स्वतःसाठी उभ्या जन्मात कुणाकडून पाण्याचा पेला घेतला नाही. आणि ज्यांनी स्वतःच्या हाताने कधी तो भरून घेतला नाही, त्या बाबांना मेल्यावरही आयतं ताट! मला राग आला, रडू आलं, आणि बाबांची इतकी आठवण आली की विचारू नका.

बाई आता रोज येते. गॅस तीच पेटवते, तीच बंद करते. आई तिला दोन ताटं वाढायला लावते, आणि दुसरं शेवटी तीच बाई जेवते. परवा फोनवर आईला विचारलं, स्वयंपाक कसा आहे?

"चांगला शे," आई खुशीत म्हणाली. "तुना बाप आते काहीच नावं ठेवस नही."