तांडेलाच्या दोन जावा

आमच्या नावेचा तांडेल आभाळाकडे बघू लागला की माझं डोकं फिरायचं. पश्चिमेला ढगाचा एखादा पुंजका दिसला, की हा गृहस्थ भर नदीत नावेचं पुढचं तिकोनी शीड उतरवून दुसरं, लहान शीड चढवायला घ्यायचा. वाऱ्याचा पत्ता नाही, सांगलीच्या घाटापलीकडे माझ्या शाळेची घंटा झालेली, आणि याच्या गाठी आपल्या सुरूच.

तो मूळचा शिराळ्याकडचा. लढाईच्या काळात आरमारातल्या एका साहेबाच्या शिडाच्या होडीवर पुढची शिडं बदलायचं काम त्याच्याकडे होतं. परत आल्यावर त्यानं तंबूच्या जाड कापडाची दोन शिडं शिवली आणि आपल्या नावेला लावली. मोठ्या शिडाला तो थोरली जाऊ म्हणायचा, लहानाला धाकटी.

"थोरली लय मानाची, मास्तर. वारं वाढलं की कुनाचं ऐकत न्हाई. तिला आदीच खाली बसवायची."

"अहो, वारा आल्यावर बदला की."

"तवा हात मोकळं कुठलं ऱ्हात्यात?"

दहादा शीड बदललं, तर नऊदा झाडाचं पान हलत नसे. बाजाराला निघालेल्या बायका त्याला शिव्या घालायच्या, पाटील दटावायचे, तो ढिम्म. माझी नोकरी मात्र हंगामी होती. रोजच्या उशिराला कंटाळून हेडमास्तरांनी बजावलं होतं, की शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला येतील त्या दिवशी उशीर झाला, तर कायम व्हायचं विसरा.

नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं. नाव मध्यावर पोचली आणि तांडेल उठला. मी तडकलो.

"आज राहू द्या. पोरीच्या मास्तराचं एवढं तरी ऐका."

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्या घरात पाटी हातात धरलेली ती पहिलीच. तांडेल घुटमळला. "मास्तरच म्हनत्यात तर ऱ्हाऊ दे," म्हणून खाली बसला. पाटलाला न बधणारा माणूस माझ्यापुढे वाकला, याचा मला आजही संताप येतो. त्यानं मला दोन शब्द सुनवायला हवे होते.

वारा एकदम आला. मोठ्या शिडानं नाव कलंडली, पाणी आत आलं, बायका एकमेकींना धरून बसल्या. तांडेल सरपटत पुढे गेला आणि फडफडणारं शीड ओढून खाली घेऊ लागला. दोराचा वेढा त्याच्या उजव्या हातावर पडला आणि एका हिसक्यासरशी दोन बोटं गेली. तसल्या हातानं त्यानं धाकटी चढवली आणि आम्हांला घाटाला लावलं. मला म्हणाला, "पळा मास्तर, घंटा हुईल."

आणि मी पळालो. त्याच्या हाताला काही बांधायलासुद्धा थांबलो नाही.

त्या हातानं पुढे गाठ बसेना. त्यानं नाव विकली. बाजारात भेटला की दर वेळी विचारायचा, "त्या दिशी येळंवर पोचलासा न्हवं?"

मी हो म्हणायचो. पोचलो होतोच. असल्या वाऱ्यात दिपोटी घराबाहेरच पडले नव्हते, हे मात्र त्याला सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.