घट्ट खाच

बायको गेली त्याला आठ महिने झाले. तिची पेटी परवा उघडली. लुगड्यांच्या तळाशी बोरूचे सात बाण निघाले, खाचा तिनेच कापलेल्या. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, लिहायला बसलो की हात अवघडतो. पण हे तिला मी तोंडाने कधी सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा गोऱ्यांचं राज्य. बंदुकीला परवाना लागायचा, तो आमच्यासारख्याला कोण देतो? आमच्या बहादरपुरात केळीत रानडुकरं घुसायची, म्हणून घरोघरी तीर-कामठा. दसऱ्याला जुन्या केळीचा खांब बांधावर रोवायचा आणि गावाने त्यावर नेम धरायचा.

बायको जसोंडी गावची. तिचा बाप बाण करायचा. बाणाच्या शेपटाला दोरी बसायची खाच असते, तिच्याबद्दल ती कुणाचं ऐकायची नाही. खाच पेराच्या गाठीला लागून कापायची, पोकळ जागी कापली तर बोरू चिरतो. वरून पिंजाऱ्याकडची जुनी तात, म्हणजे आतड्याची दोरी, आवळायची. मग बाण दोरीला उलटा टांगायचा. लटकून राहिला पाहिजे, आणि दोरीला बोट मारलं की पडला पाहिजे. नाही पडला तर खाच घट्ट, बाण चुलीत.

मला घट्टच आवडायची. घट्ट धरलेला बाण जोरात जातो, एवढी माझी अक्कल. तातीऐवजी केळीचं ओलं सोपट, म्हणजे खांबाची साल, गुंडाळायचो. शेतात पडलेलं असायचं, आणि ओलं असेपर्यंत लोखंडासारखं आवळतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने माझे चार बाण टांगले. एकही पडेना. एक तिने गुडघ्यावर ठेवून मोडला.

"काय चाललंय गं?"

"मरायचंय का तुम्हाला? हे डुकराला नाही, तुम्हालाच लागतील."

मी मारली. कानाखाली, पूर्ण हाताने. ती जात्यावर पडली, ओठ फुटला, रक्त पिठात सांडलं. मी थांबलो नाही, अजून एक लाथ घातली. खोटं कशाला लिहू?

सकाळी मेहुणा आला. तो दर दसऱ्याला यायचा. त्याने बहिणीचा ओठ बघितला, गालावरची बोटं बघितली, आणि बांधावर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "दाजी, हात फार चालतो तुमचा. नेम चालतो का ते बघू. तीन बाण. तिन्ही खांबात बसले तर बहीण तुमची. एक चुकला तर आजच जसोंडीला नेतो."

"ने ना. तुझ्या घरी ज्वारी जास्त झाली असेल."

लोक हसले.

ती पुढे आली. तातीने आवळलेले तिचे तीन बाण माझ्यासमोर धरले. मी ते हाताने उडवले आणि माझेच घेतले. गावासमोर बायकोचे बाण घेऊ?

पहिला खांबात बसला. दुसरा बसला, चीक उडाला. ऊन चढलं होतं. बाण रात्रभर छपरावर आणि सकाळभर उन्हात पडले होते, त्यांचं सोपट वाळलं होतं, सैल झालं होतं, ते मी बघितलंच नाही. तिसरा ओढला, सोडला. खाच मात्र घट्टच होती, दोरी तिच्यातून सुटेना आणि सैल सोपटातला बोरू फाटला. अर्धा माझ्या डाव्या हातात अंगठ्याच्या मुळाशी घुसला, मनगटाजवळ बाहेर आला. मी गुरासारखा ओरडलो.

मेहुणा धावत आला तो मला उचलायला नाही. त्याने त्याचा कामठा माझ्या पाठीवर घातला, मग खांद्यावर, मग तोंडावर. "बहिणीवर हात टाकतो? टाक आता!" माझे दोन दात मातीत पडले. तो चौथ्यांदा उगारत होता तेव्हा ती मध्ये आली.

"बास. मेला तर मला पांढरं नेसवशील का?"

माझा हात तिने मांडीवर घेतला. फाटका बोरू बोटांनी निघेना, म्हणून दातांनी धरून ओढला. माझं रक्त तिच्या फुटक्या ओठावर. पदर फाडून बांधला आणि उठली.

"उजवा धड आहे तुमचा," ती म्हणाली. "मारायला पुरेल."

आणि भावाबरोबर गेली.

वीस-बावीस दिवस मी एकटा. हात सुजून भाकरीएवढा झाला, पू वाहिला. मग जसोंडीला गेलो. तिच्या बापाने घरात घेतलं नाही. ओट्यावर बोरू, चाकू आणि तात ठेवून तो आत गेला. डाव्या हातात बोरू धरवत नव्हता, पायाच्या बोटांत धरून खाच कापली. ती दारात कामठा आडवा धरून उभी. बाण टांगायची, दोरीला बोट मारायची. पहिला पडला नाही. दुसरा नाही. चार तिने माझ्याकडे फेकून दिले, एक कपाळावर लागला. पाचवा टपकन पडला. तिने तो उचलला, आत जाऊन गाठोडं घेऊन आली.

पुन्हा हात उचलला नाही असं नाही. दोनदा उचलला. दोन्ही वेळा तिने नुसतं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि उचललेला उजवा खाली आला. पण "तुझं खरं होतं" हे मी म्हटलं नाही. चाळीस वर्षं तिच्याच खाचांचे बाण मारले, तरी नाही.

परवा कामठा काढला, मांडीवर ठेवून दोरीत तिचा एक बाण बसवला. मग कामठा उजव्याने आडवा उचलून धरला. तो लटकून राहिला. माझ्या डाव्या हाताची बोटं आता हलत नाहीत, उजव्याने कामठा धरलेला. दोरीला बोट मारायला माझ्याकडे हात उरला नव्हता. शेजारच्या सुनेला हाक मारावीशी वाटली, मारली नाही. हात भरून येईपर्यंत तसाच उभा राहिलो.