टायपिंगवाले सर आणि ईयोबाचे मित्र

मयताच्या घरी जाऊन तासभर बसायचं आणि एक शब्दही न बोलता उठून यायचं, ही टायपिंगवाल्या सरांची खासियत होती. सोलापुरात समाचाराला आलेला माणूस सहसा गप्प बसत नाही. कसं झालं, कधी झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, तिथंच का नेलं, शुगर होती का, अशी सगळी उलटतपासणी होते आणि घरच्यांना प्रत्येक नव्या माणसापुढं तोच मृत्यू पहिल्यापासून सांगावा लागतो. सर दाराबाहेर चपला काढत, सतरंजीच्या कडेला मांडी घालत, गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाकडं एकदा बघत आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहत. चहा आला तर घेत. तासाभरानं मान लववून निघून जात. नवख्या लोकांना हा माणूस घुम्या वाटे. ओळखणारे दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघत.

इन्स्टिट्यूटमध्ये मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असे. नवी पेठेतल्या एका बोळात, अरुंद जिना चढून गेलं की वर एक लांबट खोली आणि तीत अठरा मशिनं. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची त्यांना सवयच लागली होती. पोरांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ते पडत नसत. ज्याचा जो स्पीड, ते त्याचं नाव. "ए तीस, पाठ ताठ ठेव की." "अहो चाळीसबाई, बोटं कशाला बघताय? बोटांना माहीत हाय कुटं जायचं ते. तुमी कागद बघा." एखादं अक्षर चुकलं म्हणून कुणी हात उचलून हळहळत बसला, की मागून आवाज येई, "चुकलं न्हवं? चुकू दे. तू थांबलास तर पुढच्या चार ओळीबी जातील." मी त्यांच्याकडं 'तीस' म्हणून आलो आणि पुढं जन्मभर 'चाळीस' राहिलो.

रविवारी सकाळी हेच सर आमच्या चर्चमध्ये उपासनेआधी संडे स्कूल घेत. त्यांची आवडती गोष्ट एकच, बायबलमधल्या ईयोबाची. भला माणूस, देवाला भिऊन वागणारा. एका दिवसात त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, मग अंगभर फोड उठले आणि तो राखेत येऊन बसला. त्याला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. इथपर्यंत आलं की सर खडू घेऊन फळ्यावर त्या तिघांना मार्क देत. "सात दिवस गप्प बसले, शंभरपैकी शंभर. आठव्या दिवशी तोंडं उघडली. म्हणाले, बाबा रे, तुझंच काहीतरी पाप असणार. संपलं. तिघंबी नापास." आणि फळ्यावरचे मार्क हातानं पुसून टाकत. शेवटी ईयोब त्याच तिघांसाठी प्रार्थना करतो आणि मग देव त्याचे दिवस पालटतो, हे ते घाईनं उरकत, कारण तोवर उपासनेची घंटा झालेली असे.

आता खरं सांगायचं तर त्या काळात सर स्वतःच दुसऱ्याच्या घरी जाऊन आठव्या दिवसाचं काम करत. समाचाराला गेले की पहिलं वाक्य त्यांचं असे. देवाची काहीतरी योजना असेल, धीर धरा, वगैरे. चांगलं बोलत. लोक डोळे पुसत. गप्प बसणं ते पुढं शिकले आणि त्याला मी कारण झालो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दिवसभर चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानात ठाण उलगडायचो आणि संध्याकाळी टायपिंगला जायचो. परीक्षा आठवड्यावर आली होती, सगळ्या बॅच भरलेल्या होत्या आणि माझा स्पीड छत्तीसच्या पुढं सरकत नव्हता. मी सरांच्या मागं लागलो, रविवारी सकाळी दोन तास मशिन द्या. सरांनी आधी नाही म्हटलं. रविवार प्रभूचा दिवस, त्या दिवशी इन्स्टिट्यूटचं कुलूप निघत नसे. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, नोकरीचं रडगाणं गायलं. शेवटी म्हणाले, "मी चर्चमध्ये असणार. प्रमोद किल्ली घेऊन येईल. पण कुणाला बोलू नको." प्रमोद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा.

त्या रविवारी पोट दुखतंय असं घरी सांगून मी उपासना चुकवली आणि आठ वाजता इन्स्टिट्यूटच्या पायरीवर जाऊन बसलो. साडेआठ झाले, नऊ झाले. प्रमोद अंथरुणात लोळत असणार म्हणून मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि चिडून घरी आलो. दुपारी कळलं. आसरा पुलाच्या उतारावर ट्रकनं त्याच्या लुनाला धक्का दिला होता. तो जागेवरच गेला होता. खिशात इन्स्टिट्यूटची किल्ली सापडली होती.

तिसऱ्या दिवशी मी पप्पांबरोबर सरांच्या घरी गेलो. पप्पा रेल्वेत गार्ड होते आणि चर्चचे पंच. वेळ आणि नियम या दोन गोष्टींवर त्यांचा देवाइतकाच विश्वास होता. खोली माणसांनी भरलेली. पप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. प्रभूचा दिवस पाळायचा असतो. त्या दिवशी तुम्ही पोराला इन्स्टिट्यूट उघडायला पाठवलंत. देव विनाकारण काही करत नाही. हा इशारा समजा." आत सरांच्या बायको, आमच्या काकू, रडत होत्या, त्यांचा आवाज एकदम थांबला. सरांनी मान वर केली. मी दारात चपलांपाशी उभा होतो. त्यांनी पप्पांकडं न बघता माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "व्हय."

त्या क्षणी मी दोन वाक्यं बोललो असतो तर पप्पांना तोंड लपवायला जागा उरली नसती. मी बोललो नाही. बावीस वर्षांचा घोडा होतो, तेव्हा लहान होतो असं म्हणायचीही सोय नाही. मला पप्पांची भीती वाटली आणि स्वतःची काळजी वाटली, एवढंच कारण.

परीक्षा पास झालो. सर्टिफिकेट द्यायला सरांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "चल चाळीस, आता नोकरीला लाग." लागलो. आज ज्या सरकारी खुर्चीवर माझं बूड टेकलेलं आहे ती त्या कागदावर मिळालेली आहे. इकडं चर्चच्या मंडळीत पप्पांचा इशारा कायमचा वस्तीला आला. रविवारी क्रिकेटला पळणाऱ्या पोरांना आया दटावू लागल्या, "टायपिंगवाल्या सरांचं काय झालं, माहीत आहे ना?" सरांच्या कानावर ते जात असणारच. ते पप्पांना पूर्वीसारखंच हात उचलून "सलाम" करत. पप्पा घरी येऊन समाधानानं सांगत, "माणूस सुधारला." मी ताटात बघून जेवत असे.

संडे स्कूल त्यांनी सोडलं नाही. गोष्ट तीच राहिली, पण तिघं मित्र नापास झाले की ते खडू खाली ठेवत. "शेवट घरी वाचा," म्हणत. एकदा एका मुलीनं फारच लकडा लावला तेव्हा म्हणाले, "तो भाग मला जमत न्हाय, बाळ." काही वर्षांनी ते पुन्हा गोष्ट शेवटासकट सांगू लागले. मधल्या काळात काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण धीर झाला नाही.

पुढं टायपिंग कॉम्प्युटरवर गेलं आणि मशिनं भंगारात काढायची वेळ आली. ती जिन्यावरून खाली उतरवायला मी गेलो होतो. रिकाम्या खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "सर, देवाचा राग येत नाही तुम्हाला?" म्हणाले, "येतो की. लई येतो. रोज सकाळी भांडतो. ईयोबानंबी भांडण काढलंच होतं. पण बोलणं टाकलं न्हाय त्यानं. मीबी टाकलं न्हाय." मग खिडकी लावून घेतली आणि किल्ली मालकाला द्यायला निघाले. विश्वासावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, त्यांतलं हे एवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं त्यांना आता पाणी मागता येईना. पहिले आठ दिवस मंडळीतले सगळे येऊन गेले, नंतर कुणी फिरकलं नाही. सर रोज चार वाजता येत. खुर्ची ओढून पलंगाशी बसत, पाच वाजता उठत. एक दिवस मी चहा घेऊन आत गेलो तर पप्पांनी चालणाऱ्या हातानं सरांचं मनगट घट्ट धरलेलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर तसेच बसून होते. त्या दिवशी त्यांना निघायला सहा वाजले.

मी जिन्यापर्यंत त्यांच्यामागं गेलो आणि म्हणालो, "सर, त्या रविवारचं मी आज पप्पांना सांगून टाकतो." चोवीस वर्षांत त्या रविवारचा शब्द मी पहिल्यांदा काढत होतो. सर दोन पायऱ्या उतरले होते, तिथंच वळले. म्हणाले, "सांगायचं होतं तवा सांगितलं न्हाईस. आता त्यांना बोलता येत न्हाय. ज्याला उलट बोलता येत न्हाय त्याच्यापुढं असलं काही टाकू नये. त्यानं करायचं काय?" मी म्हणालो, "मग मी काय करू?" सर म्हणाले, "माझ्याकडं तुझं काही बाकी न्हाय. घरात तुझी काकू हाय. तिच्याकडं जा." आणि कठड्याला धरून सावकाश उतरून गेले.

मी गेलो नाही. महिन्याभरात पप्पा गेले, त्या गडबडीत राहिलं. मग ऑफिसची तपासणी होती. मग मुलीची बारावी. कारणं शोधणाऱ्याला कारणांची ददात नसते. अडीच वर्षं अशी काढली आणि गेल्या पावसाळ्यात सर गेले. मातीच्या वेळी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सुनेच्या कानात सरांच्या मुलाची हकीकत सांगायला सुरुवात केली. रविवारचं कुलूप, देवाचा इशारा, सगळं. पुढं माती लोटली जात होती आणि माझ्या कानात माझ्या गप्प बसण्यामुळं टिकलेलं खोटं जसंच्या तसं सांगितलं जात होतं. मला फार लाज वाटली. मी पहिल्या महिन्यातच जायला हवं होतं, हे सरांची माती पडताना कळून उपयोग नव्हता.

पुढच्या शनिवारी सकाळी मी गेलो. काकू एकट्याच होत्या, पलंगावर पाय सोडून बसलेल्या. बस म्हणाल्या. मी स्टुलावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. रविवारी मशिन मी मागितलं, तीनदा मागितलं, सर नाही म्हणत होते. काकूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "माहीत हाय मला. त्येंनी त्याच दिशी सांगितलं."

मी स्टुलावर पुढं सरकलो.

"मी लई भांडले त्येंच्याशी," काकू म्हणाल्या. "तुजा बाप हितं बसून तसलं बोलला, आन् हे नुसतं व्हय म्हणले. म्हणलं, त्याच्या पोराचं नाव का घेतलं न्हाय? तर म्हणले, आपला गेला. त्येंचा तरी त्येंच्यात राहू दे." त्यांनी आत स्वयंपाकघराकडं हात केला. "रोज सकाळी चहाच्या आधी प्रार्थना करायचे. पयली काही वर्सं त्येंनाबी जमलं न्हाय. मग एक दिस तुज्या बापाचं नाव घेतलं. मागून तुजं घेतलं. तवापास्नं रोज. बापाच्या नावाला मी बसायची. त्याला ठावं नव्हतं, त्यो बोलला. तुला ठावं होतं. तुजं नाव आलं की मी उठून चहा टाकायची. एक दिस चुकला न्हाय."

मी म्हणालो, "काकू, उद्या मी मंडळीत उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग की. सांगायलाच पायजे. माज्या पोराचं नाव घेऊन लोकं आपल्या पोरांना भ्या घालत्यात." त्यांनी पदर सारखा केला. "माजी आजची प्रार्थना व्हायची हाय. बसतोस?"

मी बसलो. काकूंनी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली. आजच्या दिवसाबद्दल आभार मानले. आजारी असलेल्यांची नावं घेतली, सरांचं घेतलं, प्रमोदचं घेतलं. मग माझ्या पप्पांचं घेतलं आणि त्या थांबल्या. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला. त्या काही बोलेनात, म्हणून मी डोळे उघडले. काकू माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी एक हात पलंगाच्या काठावर टेकला होता, उठण्यासाठी टेकतात तसा.

"आता गुडघं लई दुखत्यात," त्या म्हणाल्या. "सारखं उठवत न्हाय."

त्यांनी काठावरचा हात काढून घेतला, पुन्हा डोळे मिटले आणि माझं नाव घेतलं.