मिस्त्रींचा राजीनामा

काही प्रकरणं कागदावर बंद होतात आणि माणसाच्या मनात उघडीच राहतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण जयपुरातल्या एका नळाच्या कारखान्याचं, वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा न आलेलं प्रकरण मला अजून सोडत नाही. त्यातल्या कुणाचं नाव मी इथे घेणार नाही.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन जयपूरला आले आणि तिथलेच झाले. मी हिंदी शाळेत शिकलो, राजस्थान पोलिसात भरती झालो. मराठी आमच्या घरात बोलली जायची, ती उंबरठ्याच्या आतच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी सांगानेरच्या बाजूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. तेव्हाचं जयपूर वेगळंच होतं. ठाण्याला एकच जीप, तीही ढकलून चालू करायची. टेलिफोन एस. एच. ओ., म्हणजे ठाणेप्रमुख साहेबांच्या टेबलावर, आणि त्याला कुलूप. हेड कॉन्स्टेबलला तिकडे ‘दीवानजी’ म्हणतात. आमचे दीवानजी सकाळी रोजनामचा, म्हणजे स्टेशन डायरी, अशा वळणदार अक्षरात लिहायचे की चोरीची नोंदही लग्नपत्रिकेसारखी दिसायची.

नळाच्या त्या कारखान्याची कथा सगळ्या शहराला ठाऊक होती. मालकाचे, म्हणजे सेठजींचे आजोबा जुन्या शहरात ठठेऱ्यांच्या गल्लीत पितळेचे लोटे घडवायचे. वडिलांनी नळ ओतायला सुरुवात केली. सेठजींनी शहराबाहेर शेड घातली, नळांना चकाकी चढवणारी टाकी बसवली आणि नव्या वसाहतींच्या न्हाणीघरांत, स्वयंपाकघरांत आपला माल पोचवला. पण कारखान्याचं खरं नाव झालं ते एका नळामुळे. जयपुरात पाणी ठरल्या वेळी यायचं, बायका घागरी-मटके भरून ठेवायच्या, आणि सिंकच्या नळाखाली मटका काही केल्या मावायचा नाही. या कारखान्याने उंच, वाकड्या मानेचा नळ काढला, त्याखाली भलामोठा मटका आरामात उभा राहायचा. तिलक नगरात आमच्या भाड्याच्या घरातही तोच होता. माझी आई त्याला लेकरासारखा पुसायची.

तो नळ ज्यांच्या डोक्यातून आला ते कारखान्यातले मिस्त्री. साठी ओलांडलेले, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सेठजींकडे लागलेले, मूळचे नाशिककडचे. त्यांचं काम फर्मे बनवण्याचं. फर्मा म्हणजे नळाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि त्यात वितळलेलं पितळ ओततात. फर्मा ज्याच्या हाती, नळ त्याच्या हाती.

एके सकाळी माझा खबऱ्या आला. प्लंबिंगची कामं करणारा भला माणूस होता. म्हणाला, “साहब, मटके वाली टोंटी आधे दाम में बिक रही है। छाप वही, माल दूसरा।” त्याने सांगितलेल्या दुकानावर छापा घातला, पन्नासेक नळ जप्त केले, पंचनामा केला. दुकानदाराने हात वर केले. स्कूटरवरून कोणी तरी आणून टाकतो, नाव माहीत नाही.

दुपारीच सेठजी ठाण्यात हजर. म्हणाले, फर्म्याशिवाय हा नळ बनूच शकत नाही, आणि फर्म्याच्या कपाटाची किल्ली फक्त मिस्त्रींकडे असते. रविवारी फर्मा घासायला घरीही नेतात. छाप्याचं कळताच मी त्यांना जाब विचारला, असं सांगून त्यांनी एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मिस्त्रींच्या हाताची, हिंदीत लिहिलेली: ‘बात यहाँ तक आ गई है तो मैं राजीनामा देने को तैयार हूँ।’

सेठजी म्हणाले, “देख लीजिए साहब, ख़ुद लिखकर दे रहे हैं। जिसने कुछ किया नहीं, वो राजीनामा क्यों माँगेगा?”

राजस्थानात राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. मारामारी झाली, मग राजीनामा झाला, असं आम्ही दिवसातून दहादा लिहायचो. चिठ्ठी वाचून माझा तपास तिथेच संपला. चोर तडजोड मागतो आहे, आणखी काय हवं?

तीन दिवस मी मिस्त्रींना सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. पहिल्या दिवशी तर जीप त्यांच्या दारात उभी केली. अख्खी आळी बाहेर येऊन बघत होती. ठाण्यात त्यांना बाकावर बसवायचो आणि तेच तेच विचारायचो. फर्मा किसको दिया? कितने में दिया? अंगाला हात लावला नाही, एवढं मी स्वतःला चांगला समजत होतो. पण आवाज चढवला, ‘बुढ़ापे में शर्म नहीं आती’ असंही बोललो. ते मान खाली घालून एवढंच म्हणायचे, “मैंने किसी को नहीं दिया साहब। मैं तो राजीनामा दे रहा हूँ।” ते राजीनामा म्हणाले की माझा पारा आणखी चढायचा. निगरगट्टपणा तरी किती, असं वाटायचं.

तिसऱ्या संध्याकाळी घरी जेवत होतो. वडील जळगावहून आलेलं काकांचं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होते.

“अरे, तुझ्या चुलतभावाने, सुधीरने शाळेत राजीनामा दिला म्हणे.”

मी विचारलं, “का? कोणाशी झगडा झाला होता त्याचा?”

“झगडा कशाला? दुसरीकडे नोकरी लागली.”

“मग राजीनामा कशाचा? मतलब, समझौता कशाचा?”

वडिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “समझौता? राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद! पोलिसात जाऊन मराठी गहाण टाकलीस की काय?”

आई हसली. त्या चिठ्ठीत गुन्ह्याची कबुली नव्हतीच. एका म्हाताऱ्या मराठी माणसाने मराठीत विचार करून हिंदीत लिहिलं होतं: माझ्यावर संशय असेल, तर मी नोकरी सोडतो.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली. दीवानजी बघतच राहिले. मी हिंदीतच विचारलं, राजीनामा म्हणजे काय लिहायचं होतं?

“नौकरी छोड़ने का, साहब। और क्या?” मग ते म्हणाले, “एक बात पूछूँ? इतने दिन हुए, वो नक़ली टोंटी मुझे किसी ने दिखाई नहीं।”

खरंच दाखवली नव्हती. मालखान्यातून, म्हणजे जप्त मालाच्या खोलीतून, एक नळ मागवला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, फिरवला, आणि पहिल्यांदाच त्यांची मान वर झाली. त्यांनी घरून आपली हत्यारांची पेटी मागवून घेतली. तिच्यात एक पितळी पट्टी होती. ती माझ्या टेबलावरच्या फूटपट्टीशेजारी ठेवून म्हणाले, बघा. त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा किंचित मोठा होता. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून फर्मा नेहमी त्या मोठ्या पट्टीने बनवायचा, तेव्हा कुठे नळ बरोबर मापाचा उतरतो. आमच्या फर्म्यातून निघालेला नळ अस्सलाएवढाच भरेल. हा भरत नाही. मान आखूड, तोंड बारीक, सगळीकडे सारखाच कमी. म्हणजे कुणी तरी बाजारातून तयार नळ आणला आणि त्यालाच फर्मा करून वाळूत दाबला. पितळ दोनदा आकसलं.

नुसत्या शब्दावर विसंबायचं नाही म्हणून मी ठठेऱ्यांच्या गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला दोन्ही नळ दाखवले. त्याने हातात तोलूनच सांगितलं, “ये तो टोंटी से टोंटी बनाई है।” मग दुकानावर साध्या वेशातली माणसं ठेवली. मंगळवारी स्कूटरवाला आला आणि त्याच्यामागोमाग आम्ही आमेरच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. वाळूच्या पेटीत सेठजींचा अस्सल नळ अर्धा गाडलेला सापडला. शेडवाल्याला मी फर्म्याबद्दल विचारलं, तर तो हसलाच. “फर्मा किसलिए साहब? दुकान से ख़रीदी, रेत में दबा दी।” कुणी कुणाचा विश्वासघात केलाच नव्हता.

सेठजी ठाण्यात आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून मिस्त्रींना म्हणाले, “ग़लती हो गई। कारख़ाना आपका है, चलिए।” मिस्त्रींनी नम्रपणे नकार दिला. कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली, फर्म्यांना वाळवी लागू नये म्हणून काय करायचं ते सांगितलं. सेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींच्या नाही.

सेठजी गेल्यावर मी दार लोटलं आणि त्या खोलीत पहिल्यांदा मराठी बोललो. मोडकंतोडकं का होईना.

“मिस्त्री, माझ्या छातीवर आडनावाची पट्टी आहे. मी मराठी आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असेल. मग एकदा तरी मराठीत का बोलला नाहीत?”

ते पेटी बंद करत होते. म्हणाले, “कळलं होतं साहेब. पण तुम्ही हिंदीत विचारत होतात. वाटलं, चारचौघांत तुम्हाला ओळख नको असेल. तुमची अडचण कशाला करायची?”

मला तोंड वर करून बघता आलं नाही. कारण ते खरं होतं. ठाण्यात कुणी ‘बाहर का’ म्हणू नये म्हणून मी माझी भाषा घरीच ठेवून यायचो. माझ्यासमोर इज्जत पणाला लागलेला माणूस तीन दिवस माझीच लाज सांभाळत होता.

महिन्याभरात ते नाशिकला निघून गेले. स्टेशनवर पोचवायला जायचं मनात होतं. ड्युटीचं कारण काढून मी गेलो नाही. आजही त्याची बोच आहे.

त्यानंतरच्या नोकरीत कुणाचाही जबाब घेण्याआधी मी विचारायचो, घरी काय बोलता? वागडी, मेवाती, सिंधी, जे असेल ते बोलणारा माणूस शोधून आणायचो. सहकारी कुरकुरायचे, वेळ जातो म्हणायचे. जाऊ दे म्हणायचो. मिस्त्रींना मी शेकडो प्रश्न विचारले, आणि त्यातला एकही माझ्या आईच्या भाषेत विचारला नाही. विचारला असता, तर पहिल्याच दिवशी चहा पिऊन ते मानाने घरी गेले असते.