जिवंत, मेलेले, गाळलेले

कंधारच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती आणि माझी ट्रंक टपावर चढली होती. वडील डेपोच्या वर्कशॉपमधून खाकी कपड्यांतच आले. ते मेकॅनिक होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. खिडकीशी येऊन काही बोलतील असं मला वाटलं, पण ते खाली वाकले आणि लोखंडी रॉडनं चारी बाजूंचे टायर वाजवून आवाज ऐकत गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "हवा बराबर हाय. जाय." डेपोत नवीन पोरांना ते एकच शिकवायचे, वाजवून बघितल्याबिगर काही म्हणायचं नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आता अठ्ठेचाळीसचा आहे. म्हणजे बाहेर काढलेली वर्षं घरी काढलेल्यांपेक्षा दोननं जास्त झाली.

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मी किडे मोजतो. माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे, पण काम हेच. किडा एक मिलिमीटर लांब, काचेसारखा आरपार, आणि दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो, म्हणून म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांना तो सोयीचा. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा दादांनी विचारलं, "काय करून राहिला तिकडं?"

"किडे मोजून राहिलो, दादा."

"त्यासाठी बंगळूर कशाला? आपल्या ज्वारीत काय कमी हायत?"

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. शरीरातल्या पेशीतही वर्कशॉप असतं. झिजलेला माल पेशी एका पिशवीत भरते. ही पिशवी दुसऱ्या, आम्ल भरलेल्या पिशवीला जाऊन जुळावी लागते. दोघींची कातडी एक झाली की आतला माल विरघळतो आणि त्याचे सुटे भाग पुन्हा वापरात येतात. ही जुळणी आपोआप होत नाही. दोन्ही पिशव्यांवर प्रथिनांचे धागे असतात, ते एकमेकांत पीळ घालून कातड्या जवळ ओढतात. ते धागे कमी पडले की भरलेल्या पिशव्या नुसत्या साठत जातात. वय वाढतं तसं हे काम मंदावतं. आम्ही काही किड्यांत असं एखादं प्रथिन कमी करतो, काहींत करत नाही, आणि कोण किती दिवस जगतं ते बघतो. निष्कर्ष काढणं साहेबांचं काम. माझं काम मोजणं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पोती भरून ठेवली, पर नांदेडचा ट्रक दाराला लागलाच न्हाई." इतक्या वर्षांत मला यापेक्षा सोपं करून कोणी सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर दादा कंधारला एकटेच राहिले. दोन वर्षांपूर्वी पडले, गुडघा दुखावला, म्हणून मी त्यांना इकडे घेऊन आलो. घर चौथ्या मजल्यावर. शेजारी कन्नड बोलणारे, भले लोक, पण दादांना त्यांची भाषा येईना. पहिला आठवडा त्यांनी नळाचे वायसर बदलले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मग घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसायला लागले. बायको म्हणायची, "दादा, चहा घ्या," तर "हाव, घेतो" म्हणायचे आणि चहा गार व्हायचा. दोन महिने असेच गेले. मी मनात ठरवून टाकलं की आता हे परत कंधारला एकटे राहू शकत नाहीत. एकदा ठरल्यावर पुढचंही करून टाकलं. कंधारच्या चुलतभावाला, मिलिंदला, फोन करून सांगितलं की दादांचा हत्यारांचा खोका चौकातल्या गॅरेजवाल्याला देऊन टाक, पडून गंजण्यापेक्षा कामाला येईल. दादांना मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मोजणीची पाळी माझी होती. किडे रविवार पाळत नाहीत. दादांना सोबत घेऊन गेलो. आमची रीत अशी की हालचाल नसलेल्या किड्याला बारीक तारेच्या टोकानं हळूच स्पर्श करायचा, थांबायचं, पुन्हा करायचा. तीनदा करूनही तो हलला नाही तरच मेला असं लिहायचं. मी किड्यांची पाऊण प्लेट उरकली, एका किड्याला तार लावली, वहीत मृत अशी नोंद केली आणि दादांना म्हणालो, बघा, असं काम असतं. ते भिंगाला डोळा लावून बसले ते उठेनात.

"हालला रं."

"न्हाई दादा, तो मेला. आत्ताच लिहिलं."

"तू लिहिलंस. त्याला ठाऊक न्हाई वाटतं."

मी बघितलं. शरीर सगळं निपचित होतं, पण डोक्याचं टोक अगदी जरासं डावीकडे वळलं. मी एकदाच तार लावली होती. घरी लवकर जायचं होतं. नोंद खोडून बाजूला सही केली. इतक्या वर्षांत माझ्या वहीत अशा खोडलेल्या नोंदी फार थोड्या आहेत. आणि तिथेच, का कोण जाणे, मी दादांना खोक्याचं सांगितलं.

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. मग म्हणाले, "मी उभी गाडी हाय. भंगारात न्हाई निघालो अजून. इचारायचं होतंस." आणि जिन्यात म्हणाले, "मला कंधारच्या गाडीत बसवून दे."

खोका गॅरेजवाल्यानं परत दिला. एक पाना कमी होता, तो दादांनी स्वतः जाऊन मागून आणला, असं मिलिंदनं कळवलं. आता ते सकाळी तासभर त्याच गॅरेजवर बसतात आणि तिथल्या लोकांच्या चुका काढतात. गॅलरीतली खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यात कोणी बसत नाही.

आमच्या वहीत तिसरा एक रकाना असतो. काही किडे प्लेटच्या कडेवरून चढून बाहेर जातात. ते जिवंतांत धरत नाहीत, मेलेल्यांतही नाही. त्यांच्यापुढे 'गाळलेला' लिहितात, आणि ज्या दिवसापर्यंत दिसले त्या दिवसापर्यंतच हिशेबात घेतात. मी कंधारला जातो तेव्हा लोक मला माझ्या तेविसाव्या वर्षापर्यंतच्याच गोष्टी सांगतात. पुढचं त्यांना ठाऊक नाही आणि ते विचारतही नाहीत. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिले त्यांनी राग मानू नये, ही नुसती नोंद आहे.

दादांना फोनवर बोलायला आवडत नाही. आमचं ठरलंय. सकाळी सातला माझा फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. उचलला तर ते रागावतात. मग मी त्यांचा दोनदा वाजवतो. इतकी वर्षं मी घर म्हणजे कंधारचं दार, पत्र्याचं छप्पर, आईची चूल असं धरून होतो. आता सातला दहा मिनिटं असली की हातातलं काम ठेवून फोनकडे बघत बसतो. पलीकडून कोणीतरी मला वाजवून बघणार असतं, आणि मला हलून दाखवायचं असतं.